ब्रँडल कुणाच्या बाजूचा?

आमच्या कॅल्डर गावात टीव्हीवर फुटबॉल, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा आमचा अमेरिकन फुटबॉल, बघायची एक रीत आहे. चित्र टीव्हीचं घ्यायचं आणि आवाज रेडिओचा. टीव्हीचा आवाज पार बंद. मोठ्या वाहिनीवरची माणसं आपल्या कॉलेजबद्दल धड बोलत नाहीत, आपली पोरं जिंकलेली त्यांना बघवत नाहीत, यावर आमच्याकडे बॅप्टिस्ट आणि मेथडिस्ट या दोन चर्चवाल्यांचंसुद्धा एकमत आहे. म्हणून डोळे त्यांच्याकडे लावायचे आणि कान आपल्या माणसाकडे.

तो आपला माणूस म्हणजे माझा नवरा, एमरी टॅगर्ट. मी लग्न करून या गावात आले तेव्हापासून सामन्यांच्या मोसमातला शनिवार त्यानं कधी घरी काढलेला नाही. स्टेडियमच्या माथ्यावर काचेमागे बसून तो आमच्या बगळ्यांचे सामने रेडिओवर सांगतो. बगळे हे आमच्या कॉलेजच्या संघाचं नाव. ठेवणाऱ्यानं काय विचार करून ठेवलं देव जाणे, पण आता त्या पक्ष्याविरुद्ध कुणी ब्र काढलेला आम्हाला खपत नाही.

एमरी बाजू घेतो का? घेतोच, आणि उघड घेतो. आमच्या पोरानं चेंडू काखेत मारून चार पावलं टाकली की एमरीच्या सांगण्यात तो मिसिसिपी नदी ओलांडून गेलेला असतो. बगळे हरले तर पंच आंधळे, जिंकले तर देव जागा. पण हा पक्षपात आहे असं गावात कुणाला वाटत नाही. घरच्या माणसानं घरच्यांबद्दल बरं बोलण्याला कोण पक्षपात म्हणतं?

या रीतीत अडचण एकच. रेडिओ पुढे धावतो आणि टीव्ही मागून येतो. चित्रातलं पोरगं चेंडू फेकायला अजून हात उचलत असतं आणि इकडे एमरी ‘टचडाउन, गुण आपले!’ म्हणून ओरडून मोकळा झालेला असतो. त्यावर शेजारच्या हॉइटनं एक डबी आणली. रेडिओला जोडली की ती आवाज थोडा धरून ठेवते आणि मग सोडते. सामना असला की हॉइट आणि त्याची बायको नडीन आमच्या दिवाणखान्यात येतात, आणि हॉइट त्या डबीच्या बटणाशी मुलाच्या पाळण्यापाशी बसावं तसा बसतो. मला स्टेडियमच्या पायऱ्या आता झेपत नाहीत, म्हणून उकडलेल्या शेंगा आणि थंड चहा करून मी घरीच दरबार भरवते.

मोठ्या वाहिनीवाल्यांमध्ये गावाचा खरा राग एकावर. वॉरन ब्रँडल. पूर्वी कधीतरी आमचा सामना सांगताना तो म्हणे म्हणाला होता, ‘कॅल्डरच्या मैदानावर गुरं चारली असती तर निदान दूध तरी मिळालं असतं.’ हे वाक्य गावात शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

मला एक वाईट खोड आहे. शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे ‘तू पाहिलंस का?’ असं विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बातमी आली की ग्रेडनविरुद्धचा आमचा सामना मोठी वाहिनी देशभर दाखवणार आणि सांगायला खुद्द ब्रँडल येणार. गावात एकच गुरं-गुरं सुरू झालं. मग मी हॉइटला कुंपणापाशी गाठलं.

“हॉइट, ते गुरांचं तू स्वतः ऐकलंस?”

“मी कसं ऐकणार, मिस लू?” इकडे लग्न झालेल्या बाईलाही आदरानं मिसच म्हणतात. “आमच्याकडे आवाज बंद असतो.”

“मग तुला कुणी सांगितलं?”

“डेलच्या सलूनमध्ये कळलं. डेल काय खोटं बोलेल?”

मी डेलच्या सलूनमध्ये गेले. तो कुणाच्या तरी मानेला साबण लावत होता. “मी? मी मिस्टर एमरींच्या तोंडून ऐकलं. रेडिओवर. सोमवारच्या कार्यक्रमात कसले भडकले होते!”

घरी येऊन एमरीला विचारलं. तो म्हणाला, “अगं, मी काचेमागे, कानांवर हेडफोन. शेजारच्या खोलीत ब्रँडल काय बोलतो ते मला कसं कळणार? मला हॉइटनं सांगितलं.”

म्हणजे ते वाक्य इतकी वर्षं आमच्याच गल्लीत गोल-गोल फिरत होतं. मला हसू आवरेना. मी लगेच कुंपणापाशी परत गेले आणि हॉइटला सगळा फेरा समजावून सांगितला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “कुणी ऐकलं नाही, म्हणून तर त्याचं फावलं ना, मिस लू.”

पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. तो माणूस खरंच आमच्या विरुद्ध आहे का? असला तर का? आम्ही त्याचं काय घोडं मारलं? आणि नसला, तर एवढं अख्खं गाव इतकी वर्षं कुणावर रागावलं होतं?

ही झाली माझी हौस. एमरीच्या जिवाला मात्र वेगळाच घोर लागला होता आणि तो फक्त मला माहीत होता.

त्याचे डोळे चालले होते. समोरचं नेमकं मधलं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. मैदानावर हालचाल कळते, कोण कुठे पळतोय ते कळतं, पण पाठीवरचा नंबर दिसत नाही. आजवर त्याच्या शेजारी विरगिल असायचा. विरगिल दुर्बीण लावून बघायचा आणि चेंडू कुणाकडे आहे ते बोटांनी दाखवायचा. वसंतात विरगिल हृदयविकारानं गेला आणि एमरीनं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला नाही. घेतला असता तर शेजारी बसणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळलं असतं की याला काही दिसत नाही.

या मोसमातले आधीचे सामने टीव्हीवर नव्हते. गाव नुसतं ऐकत होतं, त्यामुळे बावीस नंबरचा टॅडलॉक आणि सत्तावीस नंबरचा मिम्स यांची अदलाबदल झाली तरी खपून गेलं. या शनिवारी मात्र एकूण एक घर ब्रँडलच्या वाहिनीचं चित्र आणि एमरीचा आवाज शेजारी-शेजारी लावून बसणार होतं. एमरी चुकला तर तिथल्या तिथे उघडा पडणार होता.

“कॉलेजला सांगून टाक,” मी त्याला म्हटलं. “सरळ सांग की मदतीला कुणीतरी हवंय.”

“मदतीला कुणी देणार नाहीत, लू. केक कापतील, लाकडी फळीवर नाव कोरून हातात देतील आणि घरी पाठवतील.” मग म्हणाला, “घरी बसून मी करू काय? मला दुसरं येतं तरी काय?”

मला फार वाईट वाटलं. त्याची खरी ओळख म्हणजे त्याचा आवाज. अनोळखी माणूस पेट्रोलपंपावर त्याचं बोलणं ऐकून वळून बघतो. तो आवाज काढून घेतला तर माझ्या नवऱ्यापाशी काय उरणार होतं?

शुक्रवारी दुपारी दार वाजलं. दारात एक उंच, पाठीत जरा वाकलेला माणूस टोपी हातात घेऊन उभा. फोटोत बघितलेला चेहरा, त्यामुळे ओळखायला क्षणही लागला नाही. वॉरन ब्रँडल.

“मॅम, मिस्टर टॅगर्ट आहेत का? मी जिथे जातो तिथे आदल्या दिवशी गावच्या रेडिओवाल्याला भेटतो. पोरांची नावं नीट म्हणायला शिकतो. त्यांनी सकाळी निरोप पाठवला की वेळ नाही.”

“वेळ भरपूर आहे, इच्छा नाही,” मी म्हटलं. “ते मागच्या अंगणात टोमॅटोच्या वाळलेल्या वेलींवर राग काढताहेत. तुम्ही बसा. मला तुम्हाला एक विचारायचंय.”

त्याला पडवीत बसवलं, पुढ्यात शेंगांचं भांडं ठेवलं आणि थेट गुरांवर आले. त्यानं शेंग सोलता-सोलता ऐकलं. रागावला नाही, की हसलाही नाही.

“मी तसं म्हटल्याचं मला आठवत नाही,” तो म्हणाला. “पण नाही म्हटलं असं छातीवर हात ठेवून कसं सांगू? आयुष्यभर बडबड केली आहे. एक मात्र सांगतो. प्रत्येक गावात मला एक वाक्य ऐकवतात. दर गावाचं वाक्य वेगळं. तुमचं त्यातल्या त्यात बरं आहे, निदान दूध तरी आहे.”

“आणि ग्रेडनमध्ये?”

“तिथे म्हणतात मी कॅल्डरचा जावई आहे.”

मी मोठ्यानं हसले. मग तो म्हणाला, “मॅम, नेब्रास्कात माझे वडील आहेत. नव्वदीला आलेत. आमच्या गावच्या कॉलेजचा सामना मी सांगत असलो की ते टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावतात. मी विचारलं, पपा, असं का? तर म्हणाले, तू माझा मुलगा आहेस रे, पण त्या वाहिनीवर गेलास की तू आपल्या विरुद्ध बोलतोस.”

हे मात्र तो हसत-हसत सांगू शकला नाही. मला त्याची दया आली, आणि दया आली याचं नवलही वाटलं. इतकी वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली तो माझ्या पडवीत बसून बापाची तक्रार सांगत होता.

तेवढ्यात एमरी आला. आवाज ऐकून त्याला राहवलं नसणार. ब्रँडल उठला, हात पुढे केला. एमरीनंही केला, पण वीतभर बाजूला. ब्रँडलनं आपला हात हलकेच सरकवून त्याचा हात धरला, जणू चूक आपलीच होती. दोघं बसले. सुरुवातीला एमरी हो-नाही करत होता, मग पोरांच्या नावांवरून गाडी घसरली आणि दोघांचं असं जमलं की मी चहा आणून ठेवला तरी कुणाचं लक्ष नव्हतं. श्वास कुठे घ्यायचा, गर्दी ओरडते तेव्हा गप्प कधी बसायचं, असलं काय-काय बोलत होते. एमरीनं बोलता-बोलता चहा ओतायला घेतला. पेला भरला, ओसंडला, चहा टेबलावरून त्याच्या गुडघ्यावर आला तेव्हा तो थांबला. ब्रँडल बघत होता. जाताना फक्त एवढं म्हणाला, “उद्या आपल्या खोल्या शेजारी-शेजारीच आहेत. मध्ये एक काच.”

“माहीत आहे,” एमरी म्हणाला. “तिला पडदा नाही याचंच वाईट वाटतं.”

शनिवारी माझा दिवाणखाना भरला. हॉइट डबीपाशी, नडीन सोफ्यावर, रस्त्यापलीकडचे दोघं-तिघं खाली गालिच्यावर. टीव्हीचा आवाज बंद, रेडिओचा मोठा. मी सगळ्यांच्या मागे उभी होते, कारण बसवत नव्हतं.

पहिली चूक लगेच झाली. एमरी ओरडला, “टॅडलॉक, टॅडलॉक, सुटला टॅडलॉक!” आणि चित्रात पळणाऱ्याच्या पाठीवर ढळढळीत सत्तावीस. मिम्स. मी डोळे मिटले.

“डबी हलली वाटतं,” हॉइट म्हणाला आणि बटण फिरवायला लागला.

थोड्या वेळानं पुन्हा तेच. या वेळी पडद्यावर खाली नावसुद्धा आलं: मिम्स. रेडिओवर टॅडलॉक. मी म्हटलं, झालं, आता कळणार.

हॉइटनं मांडीवर थाप मारली. “बघा! बघा यांची तऱ्हा! आपल्या पोराचं नावसुद्धा धड लिहीत नाहीत!”

“पाठीवर सत्तावीस होता ना पण?” नडीन म्हणाली.

“त्यांनी दाखवला सत्तावीस,” हॉइट म्हणाला. “आधीच्या खेळीतलं चित्र पुन्हा लावलं असेल. मिस्टर एमरी तिथे बसलेत, डोळ्यांनी बघताहेत. तू कुणावर विश्वास ठेवणार?”

सगळ्यांनी माना हलवल्या. मला रडावं की हसावं कळेना. माझा नवरा वाचला होता, आणि तो गावाच्या रागामुळे वाचला होता. त्याची चूक ब्रँडलच्या खात्यावर पडत होती. आदल्या दिवशी माझ्या पडवीत शेंगा खाणाऱ्या माणसाला मी तोंडातून शब्द न काढता लबाड ठरवू देत होते. मी नडीनकडे बघितलं नाही.

मध्यंतर व्हायच्या जरा आधी मी स्वयंपाकघरात गेले. तिथे एक छोटा टीव्ही आहे. दार लोटलं, तो लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज मोठा केला. ब्रँडल बोलत होता. मी कान टवकारून पक्षपात शोधत होते, वाटाण्यात खडे शोधावेत तसा. कुणी चेंडू घेतला, किती पळाला, कुणी पाडला. मिम्सचं कौतुक केलं. टॅडलॉकचा घोटा दुखावलाय म्हणाला. एकदा वाटलं ग्रेडनची स्तुती जरा जास्तच झाली, मग आठवलं की तेच पुढे आहेत. खडा काही सापडला नाही. एमरीबद्दलही तो चकार शब्द बोलला नाही.

आणि मग एक गंमत झाली. मध्यंतरानंतर एमरी चुकेनासा झाला. बावीस म्हणजे बावीस, सत्तावीस म्हणजे सत्तावीस. ग्रेडनच्या पोरांचे नंबरसुद्धा अचूक. मी दोन्ही खोल्यांमध्ये ये-जा करत होते, इकडे ब्रँडल, तिकडे एमरी, दोघं तेच सांगताहेत. हे कसं काय? त्याला अचानक दिसायला लागलं? औषध घेतलं? की अंदाज लागताहेत? माझ्या डोक्याचा भुगा झाला.

“आता कसं वठणीवर आले वाहिनीवाले,” हॉइट समाधानानं म्हणाला.

शेवटच्या काही मिनिटांत बगळे थोडक्यानं मागे होते आणि चेंडू ग्रेडनच्या रेषेच्या तोंडाशी. एक घुसणं, की सामना आमचा. दुखऱ्या घोट्याच्या टॅडलॉकनं चेंडू घेतला आणि समोरच्या पोरांच्या ढिगाऱ्यात डोकं घातलं. एमरी ओरडला, “टॅडलॉक! घुसला टॅडलॉक! तो...”

आणि गप्प झाला.

चित्रात सगळे एकमेकांवर पडले होते. चेंडू कुठे आहे ते दिसत नव्हतं. पंच धावत आले आणि त्यांनी ग्रेडनच्या बाजूला हात केला. टॅडलॉकच्या हातातून चेंडू सुटला, आणि तो ग्रेडननं पकडला. खोलीतल्या सगळ्यांनी रेडिओकडे बघितलं, टीव्हीकडे कुणीच नाही. ‘पंच आंधळे’ हे ऐकायला सगळे थांबले होते. त्या क्षणी एमरीनं काहीही म्हटलं असतं तरी कॅल्डरनं ते मरेपर्यंत खरं मानलं असतं.

“मला दिसलं नाही,” एमरी म्हणाला.

गर्दीचा आवाज नुसता घुमत होता. मग तो पुन्हा बोलला, हळू, घरात बोलतो तसा. “लोकहो, मला दिसलं नाही आणि दिसणारही नव्हतं. माझे डोळे गेलेत. मध्यंतरापर्यंत मी तुम्हाला कितीतरी नावं चुकीची सांगितली. मध्यंतरानंतर जे बरोबर सांगितलं ते माझं नाही. शेजारच्या खोलीत वॉरन ब्रँडलच्या मदतीला एक बाई असते. ती मध्यंतरापासून पुठ्ठ्यावर हे एवढे मोठे आकडे काढून काचेला लावतेय आणि मी ते कडेनं वाचतोय. मी मागितलं नव्हतं. त्यानं न मागता तिला उभं केलं. तेव्हा ज्यांच्या घरी टीव्ही आहे त्यांनी त्याचा आवाज मोठा करा आणि त्याचं ऐका. ज्यांच्यापाशी चित्र नाही, जे गाडीत आहेत, शेतात आहेत, त्यांनी माझ्याजवळ राहा. काच जे सांगेल ते मी तुम्हाला सांगतो.”

मी तिथेच खुर्चीच्या पाठीला धरून रडले. नडीननं माझा हात धरला. मला त्याचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली.

हॉइटच्या हातात रिमोट होता. तो त्याकडे साप धरल्यासारखा बघत होता. “मिस्टर एमरींनी सांगितलंय,” नडीन म्हणाली. मग त्यानं रेडिओ बारीक केला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. माझ्या दिवाणखान्यात ब्रँडल बोलायला लागला. सगळे हाताची घडी घालून ऐकत होते. हॉइटच्या कपाळावर आठ्या. तो वाट बघत होता.

“हा नुसतंच सांगतोय,” हॉइट म्हणाला. त्याच्या आवाजात फसवणूक झाल्यासारखं काहीतरी होतं. “हा कुणाच्याच बाजूचा नाही.”

“मग बरंच आहे ना!” मी म्हटलं.

“बरं काय त्यात, मिस लू? असं परक्यासारखं कसं ऐकायचं?” आणि त्यानं टीव्ही पुन्हा मुका केला, रेडिओ मोठा केला. “मिस्टर एमरींना दिसत नसेल तर नसेल. आम्हाला दिसतंय की.” मग शेवटपर्यंत एमरी काचेवरचे आकडे सांगत राहिला आणि बगळे हरले.

संध्याकाळी एमरी घरी आला तेव्हा हॉइट अंगणातच थांबला होता. त्यानं एमरीचा हात दोन्ही हातांत घेतला. “आम्ही त्याला ऐकलं, मिस्टर एमरी. थोडंच.”

“कसा वाटला?”

“मिळमिळीत. कुणाचाच नाही.”

“हॉइट, तुझ्या तोंडून त्याच्याबद्दल इतकं चांगलं पहिल्यांदाच ऐकतोय,” एमरी म्हणाला आणि आत येऊन बूट न काढता खुर्चीत बसला. खूप दमला होता. “संपलं, लू,” एवढंच म्हणाला. मी त्याचे बूट काढले.

रविवारी चर्चमध्ये लोक त्याला भेटायला असे येत होते की जणू घरात कुणी गेलंय. कुणी रागावलं नव्हतं. बायका मला मिठी मारत होत्या. घरी आल्यावर त्यानं टाय सैल केला आणि म्हणाला, “कालचा सामना तू टीव्हीवर रेकॉर्ड करून ठेवलायस ना? लाव. आवाजासकट. तो कसा सांगतो ते मला ऐकायचंय. त्याला मी कधी ऐकलेलंच नाही.”

मी लावला. एमरी डोळे मिटून ऐकत होता. सुरुवातीला नुसता खूश. “बघ, श्वास कुठे घेतला ते. आणि इथे कसा थांबला! मी इथे ओरडलो असतो.” हातानं ताल धरल्यासारखा डोलत होता. मलाही बरं वाटलं. म्हटलं, चला, एका माणसाचा तरी राग गेला.

मग तो जरा चुळबुळायला लागला.

“ग्रेडनचं एवढं काय कौतुक?”

“ते पुढे आहेत, एमरी.”

“पुढे असले म्हणून काय झालं? टॅडलॉक दुखऱ्या पायावर पळतोय ते सांग की एकदा.”

“सांगितलं त्यानं. मघाशी.”

“एकदाच सांगितलं.”

मी त्याच्याकडे वळून बघितलं. त्याची हनुवटी पुढे आली होती, हाताच्या मुठी झाल्या होत्या. हे ध्यान मी शेकडो वेळा बघितलं होतं, पण हॉइटच्या चेहऱ्यावर. एमरी आजवर कधी ऐकणाऱ्यांमध्ये बसलाच नव्हता. काल तो काचेमागून उठला आणि आज आमच्यात येऊन बसला.

आणि ती शेवटची खेळी आली. एमरी खुर्चीत पुढे सरकला. टॅडलॉकनं चेंडू घेतला, ढिगाऱ्यात घुसला. ब्रँडलचा आवाज शांत. “चेंडू सुटलाय. पुन्हा बघू या. हो, गुडघा टेकून खेळी संपायच्या आधीच सुटला. निर्णय बरोबर आहे.”

“बंद कर त्याला!” एमरी म्हणाला.

“अरे, त्यानंच तुला काल...”

“माणूस देवासारखा आहे. मी काय नाही म्हणतो? पण बंद कर.”

मी आवाज बंद केला. खोलीत काही ऐकू येईना. रविवारी रेडिओवरही सामना नसतो. एमरीनं मान वाकडी केली, डोळ्याच्या कडेनं मला बघायला. असं बघताना त्याचा चेहरा लहान मुलासारखा दिसतो आणि मला ते सहन होत नाही.

“लू, तू सांग. ती एकच खेळी मला कळली नाही. रात्रभर तीच डोक्यात होती. मागे घे, नीट बघ आणि सांग. पोराचा गुडघा टेकला होता का? टेकला असेल तर खेळी तिथेच संपली, मग चेंडू सुटला तरी तो आपलाच.”

मी मागे घेतलं. हळू करून बघितलं. पुन्हा बघितलं. टॅडलॉकचा गुडघा गवतापासून इतका वर होता की खालून मांजर गेली असती, आणि चेंडू कधीच हातातून निघाला होता. दुसरं काही म्हणायला जागाच नव्हती. ब्रँडल जे म्हणाला ते शब्द न् शब्द खरं होतं.

एमरी वाट बघत होता.

“टेकला होता,” मी म्हटलं.

“नक्की?”

“चांगला टेकला होता. आधी गुडघा, मग चेंडू.”

त्यानं खुर्चीच्या हातावर थाप मारली. कालपासून पहिल्यांदा त्याच्या अंगात जीव आल्यासारखा वाटला. “मला वाटलंच होतं! मग हा ब्रँडल असं का म्हणतो?”

“का म्हणजे काय?” मी म्हटलं. “तो त्यांच्याच बाजूचा आहे.”